तेलाची वही

डावा गुडघा वाकेना, तेव्हा क्लच सुटला
आणि मी ऑटोमॅटिक घेतली, अकरा वर्षांची,
दोन घरं फिरून आलेली, दारावर एक पोचा.
टिळकनगरच्या सोसायटीत तिला जागा मिळाली
कचऱ्याच्या डब्यांशेजारी. चालेल.

कालिन्याच्या ब्रेंडनने गिअरबॉक्सची पट्टी उपसली,
टिपकागदावर एक थेंब सोडला. म्हणाला, बघा.
मी परळच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं थेंबच बघितले.
हा तांबडा हवा होता, आमसुलाच्या सारासारखा.
निघाला तपकिरी. आणि वास
दूध लागलेल्या पातेल्याचा.
"काटा असतो तो इंजिनाचा," ब्रेंडन म्हणाला,
"या तेलाला काटाच नाय."

ते वाक्य मी घरी घेऊन आले.
समोर एवढे दिवे, उघड्या दाराचं चित्र, पट्ट्याचं चित्र,
आणि खाली बंद डब्यात जे तापतंय
त्याच्यासाठी कुणी एक रेघ ओढली नाही.

मग स्टिअरिंगखाली आगपेटीएवढी डबी खोचली.
ती मोबाईलला आकडा सांगते, मी वहीत लिहिते.
सवयच. इनक्युबेटर, सदतीस, दर दोन तासांनी, सही.

सोमवार. सुरू करताना २९. माझ्या खोलीइतकंच.
सोमवार. अमर महल, ८१.
गुरुवार. कुर्ला, पुढे वरात, ९६.
गुरुवार. घोडा नाचतोय, ९९.
गुरुवार. घोडा अजून नाचतोय, १०३.

शनिवार, मे महिना, दुपारी दोन.
शेजारी भाचा निनाद. विमान त्याचं, घाई त्याची.
कालिन्याकडे जाणाऱ्या पुलाच्या चढावर सगळं थांबलं.
फूटभर सरकायचं, ब्रेक, फूटभर सरकायचं,
चाकं जागच्या जागी, आणि आत तेल
स्वतःलाच घुसळत बसलेलं.
१०८.
१११.
"मावशी, काटा तर मध्यावर आहे."
आहेच. इंजिन मजेत आहे.
११४.

पुलावर कडेला घ्यायला कड नसते.
मी न्यूट्रल टाकला. एसी बंद. काचा खाली.
पुढची गाडी वीतभर सरकली, मी नाही सरकले.
दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्यायची,
मग एकदाच, सलग, हलक्या पायाने जायचं.
जागा झाली. रिक्षा शिरली.
पुन्हा होऊ दिली. टेम्पो.
पुन्हा. दुसरी रिक्षा, तिच्यातून
एक नवा कोरा टेबलफॅन बाहेर डोकावणारा.
मागचे हॉर्न आता नावानिशी ओरडत होते.

निनादचा सदरा पाठीला चिकटला.
"एका आकड्यासाठी?"

मी त्याला तो रविवार सांगितला नाही:
बाहेरचा काटा सदतीसवर, आत पंचेचाळीस,
आणि सत्तर माणसांचे नमुने गेले.
सोमवारी ती सगळी परत आली, रांगेत उभी राहिली.
रागावलं कुणीच नाही.
नुसती बाही वर केली.

११६.
११६.
११६.
११५, की माझे डोळे?
११५.

चढ संपला. पलीकडे रस्ता मोकळा, खाडीचा थोडा वारा,
गाडीने आपणहून वरचा गिअर घेतला,
आकडा जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा
एकेक पायरी धरत खाली आला. १०१ ला विमानतळ.
"मिळालं तर फोन करतो," निनाद म्हणाला.
केला नाही. म्हणजे मिळालं असावं.

ब्रेंडनने सगळं तेल काढलं,
जाळीपुढे तळहाताएवढा कूलर बसवला,
पैसे थोडे आत्ता, थोडे पुढच्या महिन्यात.
शनिवार. तोच पूल, तीच वेळ, ९४. माझी सही.
शेजारी 'तपासणाऱ्याची सही' हा रकाना
मी उगीच आखला होता, जुन्या वहीसारखा.
ब्रेंडनला पेन सापडेना.
त्याने अंगठा टेकवला. तांबडा.